व्हॅल्किरी : बाबांनी आणि आईने पाहावा असा चित्रपट

बर्लिन

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

हिटलरला ठार मारण्याचा जर्मन सेनाधिकाऱ्यांचा कट ज्यात दाखवला आहे, तो ‘व्हॅल्किरी’ हा २००८ सालचा चित्रपट पाहण्याजोगा आहे का, असे बाबांनी मागे फोनवर विचारले होते. मी तेव्हा ‘जरूर पाहा’ एवढेच म्हटले. पण सांगण्यासारखे इतके राहून गेले की ते पत्रातच लिहावे असे वाटले.

टॉम क्रूझने कर्नल क्लाउस फॉन श्टाउफेनबर्गची भूमिका केली असल्यामुळे लोक बॉम्बच्या प्रसंगाविषयीच अधिक बोलतात, आणि तो प्रसंग खरोखरच नेमका उतरला आहे. २० जुलै १९४४ रोजी दुपारी १२ वाजून ४२ मिनिटांनी पूर्व प्रशियातील हिटलरच्या मुख्यालयात स्फोट झाला. श्टाउफेनबर्गने १९४३ मध्ये ट्युनिशियाच्या आघाडीवर डावा डोळा, उजवा पंजा आणि डाव्या हाताची दोन बोटे गमावली होती. उरलेल्या तीन बोटांनी, खास वाकवून घेतलेल्या पकडीने, त्याला स्फोटकाच्या फ्यूजमधली आम्लाची कुपी चिरडायची होती. दारावर कोणीतरी घाई केली, दोनपैकी एकच पुडके तयार करता आले, आणि बैठकीच्या खोलीत ठेवलेली बॅग दुसऱ्या एका अधिकाऱ्याने टेबलाच्या जाडजूड ओकच्या पायापलीकडे सरकवली. चौघे दगावले, हिटलर वाचला.

बाबांनी मात्र खरे लक्ष द्यावे ते यानंतरच्या भागाकडे. तुमची सारी नोकरी तारघरात गेली, म्हणून हे तुम्हाला विशेष आग्रहाने लिहीत आहे. कारण हा कट बॉम्बमुळे जितका फसला, तितकाच तारांमुळे आणि टेलिफोनमुळे फसला, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘व्हॅल्किरी’ ही मुळात देशांतर्गत बंडाळी मोडून काढण्यासाठी राखीव सेनेने करायच्या हालचालींची अधिकृत योजना होती. कटातले जनरल ट्रेस्को आणि श्टाउफेनबर्ग यांनी १९४३ मध्ये तिचे हुकूम अशा रीतीने नव्याने लिहिले की, हिटलर मरताच तीच सेना नाझी पक्षाच्या पुढाऱ्यांना आणि एसएस या पक्षाच्या सशस्त्र दलाला ताब्यात घेईल. चित्रपटात ही कल्पना ग्रामोफोनवरची तबकडी वाजत असताना सुचते, हे मात्र निव्वळ नाट्य आहे. ते हुकूम टंकलिखित करणाऱ्या मार्गारेटे फॉन ओव्हेन कागदावर बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून हातमोजे घालून काम करीत.

हिटलरच्या मुख्यालयाचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तोडण्याची जबाबदारी संदेशवहन खात्याचा प्रमुख जनरल फेलगीबेल याच्यावर होती. आपल्या डोळ्यांदेखत हिटलर चालत जाताना पाहूनही त्याने ठरल्याप्रमाणे संपर्क बंद करवला, पण तो फार काळ बंद ठेवणे शक्य नव्हते. इकडे बर्लिनमध्ये ‘व्हॅल्किरी’चे हुकूम सोडायला कटातलाच जनरल ओल्ब्रिख्त घुटमळला. पाचच दिवसांपूर्वी त्याने इशाऱ्याचा हुकूम वेळेआधी सोडला होता आणि तो सराव असल्याचे सांगून कसेबसे निभावून नेले होते. तशी चूक पुन्हा करण्याची त्याची हिंमत होईना. त्यात तीन तास गेले. नंतर हुकूम सुटले, पण ते अतिगुप्त वर्गातले असल्यामुळे सांकेतिक लिपीची मोजकी यंत्रे आणि ती चालवणारे मोजकेच हात, यांतून त्यांना जावे लागले. प्रांतोप्रांतीच्या लष्करी मुख्यालयांत ते पोहोचेपर्यंत कित्येक अधिकारी घरी गेलेले होते, आकाशवाणीने हिटलर सुखरूप असल्याचे जाहीर केले होते, आणि हिटलरच्या बाजूच्या फील्डमार्शल कायटेलचे उलट हुकूमही येऊन धडकत होते. पॅरिसमध्ये तर एसएसच्या हजाराहून अधिक माणसांना अटकही झाली होती. रात्रीतून त्यांना सोडून द्यावे लागले.

टेलिप्रिंटरच्या खोलीतील कर्मचाऱ्यांसमोर दोन्हीकडचे हुकूम येतात आणि कोणाचा पुढे धाडायचा हे ठरवण्याची पाळी त्यांच्यावर येते, तो प्रसंग मला साऱ्या चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटतो. संदेश वाचायचा नाही, फक्त पोहोचवायचा, अशी शिस्त तुम्ही आयुष्यभर पाळलीत. त्या खोलीतल्या माणसाने त्या संध्याकाळी काय करायला हवे होते, यावर तुमचे मत मला खरोखर हवे आहे. असाच एक टेलिफोन मेजर रेमरला आला. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला पकडायला गेलेल्या या अधिकाऱ्याच्या हाती गोबेल्सनेच रिसीव्हर दिला, पलीकडून हिटलरचा आवाज आला, आणि बर्लिनमधील पहारा पलटन कटवाल्यांच्या विरुद्ध उलटली. मध्यरात्र उलटल्यावर श्टाउफेनबर्ग, ओल्ब्रिख्त, आणि त्यांचे साथीदार मेर्त्स व हेफ्टन यांना बर्लिनमधील बेंडलरब्लॉक या सेना-मुख्यालयाच्या अंगणात गोळ्या घातल्या गेल्या. फेलगीबेललाही सप्टेंबरात फाशी झाली.

एका बाबतीत मात्र चित्रपटाने फार सोपा मार्ग धरला, हे सांगितलेच पाहिजे. पडद्यावरचा श्टाउफेनबर्ग पहिल्या दृश्यापासूनच राजवटीचा शत्रू आहे. प्रत्यक्षात १९३३ मध्ये त्याने हिटलरच्या सत्तेचे स्वागत केले होते, आणि १९३९ मध्ये पोलंडमधून पत्नीला लिहिलेल्या पत्रात तेथील ज्यूंविषयी आणि पोलिश लोकांविषयी उघड तुच्छता आहे. कटात सामील असलेल्या आर्थर नेबेने तर पूर्वेत सामूहिक हत्या करणाऱ्या एका पथकाचे नेतृत्व केले होते. हे दाखवल्याने श्टाउफेनबर्गचे धैर्य उणे झाले नसते. ज्या राजवटीवर त्याने एकेकाळी विश्वास ठेवला, तिच्याविरुद्ध तो स्वतःच्या हाताने बॉम्ब ठेवण्यापर्यंत कसा पोहोचला, हा प्रवास मला त्या दुपारच्या थरारापेक्षा अधिक पाहावासा वाटतो.

आई, तुझ्या मनात पहिला प्रश्न त्याच्या बायकोमुलांचा येईल, हे मला ठाऊक आहे. नीना तेव्हा गरोदर होती. तिला अटक करून राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेण्यात आले, आणि जानेवारी १९४५ मध्ये कैदेतच तिला पाचवे अपत्य, मुलगी, झाली. थोरल्या चौघांना बाड साक्सा येथील बालगृहात ठेवून त्यांचे आडनाव बदलून ‘माइस्टर’ करण्यात आले, म्हणजे बापाचे नावही पुसले जावे. युद्धानंतर ती सर्व पुन्हा आईजवळ आली. नीना २००६ पर्यंत जगली. चित्रपटात तिचा निरोप सुंदर आहे, पण तिच्या वाट्याला नंतर जे आले त्याला जागा मिळालेली नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

युद्धानंतरही कितीतरी जर्मनांच्या लेखी हे लोक देशद्रोहीच होते. तोच रेमर उघडपणे तसे बोलू लागला, तेव्हा १९५२ मध्ये ब्राउनश्वाइग येथे फ्रित्स बाउअर या सरकारी वकिलाने त्याच्यावर खटला चालवला. बाउअर स्वतः ज्यू होता, नाझींच्या छावणीत राहून आलेला आणि नंतर परागंदा झालेला. नाझी राज्य कायद्याचे राज्यच नव्हते, म्हणून त्याच्याविरुद्ध उभे राहणे हा देशद्रोह ठरत नाही, ही भूमिका त्याने न्यायालयाकडून मान्य करवून घेतली. रेमरला तीनच महिन्यांची शिक्षा झाली, पण मृतांच्या नावावरचा डाग कायद्याने पुसला गेला. या खटल्यावर वेगळा चित्रपट करण्याइतके त्यात नाट्य आहे.

बेंडलरब्लॉकमध्ये आता प्रतिकाराचे स्मारक आणि मोठे प्रदर्शन आहे. तिथे सेनाधिकाऱ्यांबरोबरच गेओर्ग एल्सर या सुताराचीही माहिती आहे, ज्याने १९३९ मध्ये म्युनिकच्या सभागृहातील खांब रात्री-रात्री पोखरून एकट्याने बॉम्ब बसवला होता, आणि ज्याच्या स्फोटापूर्वी हिटलर अवघी १३ मिनिटे आधी निघून गेला. प्रवेश विनामूल्य आहे. तुम्ही इकडे याल तेव्हा आईच्या गुडघ्यांना झेपेल असा अर्धा दिवस आपण त्यासाठी राखून ठेवू. तत्पूर्वी चित्रपट पाहून झाला, की बाबांनी टेलिप्रिंटरविषयीचे उत्तर सविस्तर लिहून पाठवावे.

तुमची लेक