नावापुढची फुली प्रत्येक मुलाला मिळू द्या

माननीय संपादक,

शालेय बास्केटबॉलचा हंगाम तोंडावर आला आहे. ठाणे, वाशी, नेरूळ, ऐरोली इथल्या लहान गटांच्या सामन्यांना मी टेबलावर स्कोअरर म्हणून बसते. कॉलेजात खेळले, पुढे नोकरी-संसारात खेळ सुटला, बँकेतून निवृत्त झाल्यावर पुन्हा कोर्टावर आले. संयोजकांकडे माझी एकच मागणी आहे. १४ वर्षांखालच्या गटात स्कोअरशीटवर नाव असलेल्या प्रत्येक मुलाला सामन्याच्या चारपैकी पहिल्या तीन क्वार्टरमध्ये निदान एक अख्खा क्वार्टर खेळवणं सक्तीचं करा. दुखापत झाली तरच सूट.

स्कोअरशीटवर एका संघाची १२ नावं असतात. मूल कोर्टात उतरलं की त्याच्या नावापुढे फुली मारायची, सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल करायचा. सामना संपल्यावर कागद पाहावा तर बहुतेक वेळा सात-आठ फुल्या, बाकी चौकोन कोरे. ही मुलं पहाटे उठून, बस बदलून आलेली असतात. वॉर्म-अपला लेअप (धावत जाऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) मारतात, टाइमआउटला पाण्याच्या बाटल्या पुढे करतात आणि कोरड्या जर्सीतच घरी जातात. गेल्या हंगामात सहावीतला एक मुलगा सामना संपल्यावर टेबलाशी आला. म्हणाला, "काकू, माझं नाव लिहिलंय ना?" नाव होतं, मी बोट ठेवून दाखवलं. त्याने पुढचा रिकामा चौकोनही पाहिला आणि काही न बोलता बॅग उचलली. त्याचा संघ तीसहून जास्त गुणांनी जिंकला होता. त्या आघाडीतही कोचना त्याला उतरवावंसं वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कच्ची मुलं उतरवली तर सामना हातचा जातो, असं कोच सांगतात. पण तीन क्वार्टर गुणिले पाच म्हणजे १५ जागा होतात, आणि मुलं १२. सगळ्यांना खेळवूनही तीन जागा उरतात, आणि चौथा क्वार्टर पूर्णपणे कोचच्या मर्जीचा. नियम दोन्ही संघांना सारखाच असेल तर नुकसान कुणाचं?

शिवाय ज्यांना सतत खेळवलं जातं, त्यांचं तरी भलं होतंय का? बाराव्या वर्षी जो उंच दिसतो तो बऱ्याचदा लवकर वयात आलेला असतो. वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरत असल्याने जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, ते वेगळंच. अशा मुलाला रिंगखाली उभं करतात. वरून पास येतो, तो टाकतो, गुण होतात. ड्रिबल करू देत नाहीत, कारण चेंडू जाईल. सतराव्या वर्षापर्यंत बाकीची मुलं त्याच्या उंचीला येतात आणि याचा डावा हात तयार नसतो, लांबचा शॉट नसतो. मग तो खेळ सोडतो. बचावातही तेच. एवढ्या लहान मुलांचा चेंडू लांबून दहा फुटी रिंगपर्यंत पोचतच नाही, म्हणून झोन लावून, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखत, पाच जणांनी रिंगखाली गर्दी केली की जिंकता येतं. समोरच्याला अडवायचं कसं, पाय कसे सरकवायचे, साथीदाराच्या मदतीला कधी धावायचं, हे मात्र शिकायचं राहूनच जातं.

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर असते (मोठ्यांची ३.०५ मीटरवर) आणि चेंडू लहान, पाच नंबरचा. आपल्या सेक्टरांतल्या कोर्टांवर पाचवी-सहावीतली पोरं मोठ्या पुरुषांचा सात नंबरचा चेंडू कमरेतून वाकून दोन्ही हातांनी वर ढकलताना दिसतात. ती सवय एकदा हाडीमाशी खिळली की नंतर मोडता मोडत नाही. रिंग बदलायला खर्च आहे, मान्य. पाच नंबरचे चेंडू तर आणता येतील. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग आणि यूएसए बास्केटबॉल ही तिथली राष्ट्रीय संघटना यांनी २०१६ साली मुलांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत १४ वर्षांपर्यंत मुलांना एकाच खेळाला बांधू नका, असं सांगितलं आहे. आपल्याकडे पालक सहावीपासूनच दहावीच्या क्रीडागुणांचा विचार करतात.

सगळा दोष कोचवर टाकणं मला पटत नाही. शाळेच्या गेटवर करंडकाचा फ्लेक्स लागतो, एखाद्या मुलीने डाव्या हाताने पहिल्यांदा लेअप मारला त्याचा लागत नाही. सर्वांना खेळवणारा कोच एकटाच असेल तर तो हरतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणूनच नियम संयोजकांकडून यायला हवा.

गुण मोजू नका, असं माझं म्हणणं नाही. हरल्यावर मुलांना रडू येतं, येऊ दे. १७ वर्षांखालच्या गटात कोचनी हवं त्याला खेळवावं. मात्र ४० गुणांची आघाडी असताना बारा वर्षांच्या मुलींवर पूर्ण कोर्टभर प्रेस लावणं, म्हणजे त्यांच्याच रिंगपासून त्यांना घेरून चेंडू पुढे नेऊ न देणं, आणि गॅलरीतून आईवडिलांनी त्याला टाळ्या देणं बघवत नाही.

नियम पाळला जातो का, हे पाहायला वेगळा माणूस नको. दर क्वार्टरला कोण किती खेळलं, हे टेबलावर एका कागदावर टिपून ठेवता येतं. संयोजकांनी प्रवेशअर्जासोबतच हा नियम छापावा, म्हणजे कोचना तयारीला वेळ मिळेल. नोंदीचं काम मी आणि माझ्या स्कोअरर मैत्रिणी पहिल्या सामन्यापासून करू.

— एक स्कोअरर, नेरूळ, नवी मुंबई