चर्चला आठवडाभर कुलूप का?

संपादक महोदय,

नाताळ आला की आपल्या पानावर चर्चच्या रोषणाईचे फोटो येतात. चांगलंच आहे. पण आमच्या गावातलं चर्च रविवार सोडला तर कुलपातच.

माझे मालक वारले त्याच साली सोयाबीन पिवळं पडलं, वरून सोसायटीचं कर्ज. मंगळवारी भरदुपारी रडायला जागा हवी होती. रविवारपर्यंत कोण थांबतं? मग धुऱ्यावर निंबाखाली बसून बायबलातलं स्तोत्र 46 वाचलं, 'देव आमचा आश्रय'. त्या पानात पऱ्हाटीचा पाचोळा अजून आहे. तिथं देव जवळ होता, हातातल्या डवऱ्याइतका.

तरी पाळक व पंचांनी दुपारी दोन तास दार उघडावं. झाडायला मी येईन, खराटाही माझाच.

– एक शेतकरीण, ता. अचलपूर, जि. अमरावती