बंड्या, मिक्सर आणि येणारे गणपती

पुणे,
जुलै अखेर

प्रिय मीनल,

गणपतीच्या ढोल-फटाक्यांत बंड्याचं काय करायचं, हा तुझा निरोप मिळाला आणि तो व्हिडिओही. मिक्सर लागला की तुमचं हे कुत्रं जांभया देतं, ओठ चाटतं, कान पाडून ओट्याखालून सरकत सरकत बाहेर पडतं, आणि मागे पोरांचं खिदळणं. मला काही हसू आलं नाही बरं का. ती जांभई झोपेची नाही, भीतीची आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली असेच घरगुती व्हिडिओ जमवून तपासले होते. कुत्रं घाबरल्याचं स्पष्ट दिसत असतानाही माणसं गंमत म्हणून हसत होती. तेव्हा पोरांना रागावू नकोस. फक्त मिक्सर लावायच्या आधी बंड्याला बेडरूममध्ये नेऊन दार लावायचं काम त्यांच्याकडे दे.

मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि शेवटी आपलंच खरं करतेस.

आधी डॉक्टरांकडे जा. बंड्या सहा वर्षांचा झाला, आणि तूच म्हणतेस की मागच्या दिवाळीपर्यंत त्याला फटाक्यांचं काही वाटत नव्हतं. हे मला खटकतंय. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या लोकांनी आवाजाला घाबरणाऱ्या वीस कुत्र्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, २०१८ साली छापून आलं ते. ज्यांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं, त्यांच्यात ही भीती इतरांपेक्षा सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की दुखतं, आणि ते दुखणं मग आवाजाच्या खात्यावर जमा होतं. जिना चढताना तो थबकतो का, गाडीत उडी मारायला टाळतो का, हे दोन-चार दिवस बघ आणि डॉक्टरांना सांग. दुखणं तसंच ठेवून बाकी कितीही सराव केलास तरी गाडी पुढे जायची नाही.

आता तुझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा उपाय. ‘गॅलरीत बांधा, दोन दिवसांत सवय होते.’ अजिबात नाही, मीनल. सवय होते ती साध्या आवाजाची, आणि तीही निघून जायची मोकळीक असेल तर. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला एवढंच कळतं की भीती वाटली तरी सुटका नाही. अण्णा सायन्सचे मास्तर ना? मग त्यांना कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हचीच गोष्ट सांग. घंटेची नव्हे, पुराची. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडमध्ये पूर आला, पिंजऱ्यांत पाणी शिरलं आणि प्रयोगशाळेतली कुत्री बुडता बुडता वाचली. त्यातली काही शिकवलेलं सगळं विसरून बसली. पुढे सावरलेल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडंसं पाणी सोडलं, तेवढ्याने त्याची पुन्हा दाणादाण उडाली. सासऱ्यांना उलट उत्तर द्यायचं नसेल तर हे उपयोगी पडेल.

आणि शेजारच्या काकूंचं ते ‘कुरवाळू नका, लाडाने भीती वाढते.’ हे मी पुण्यातही दहा ठिकाणी ऐकलंय. भीती ही काही त्याने बिस्किटासाठी केलेली करामत नाही, की बक्षीस दिल्यावर तो ती पुन्हा करून दाखवेल. तो कुशीत शिरला तर घे. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नकोस. आमच्या भुरी कुत्रीला मांडीवर नको असतं, तिला माझी पाठ लागते. मी भिंतीशी बसून पुस्तक वाचते आणि ती मागे घुसून बसते. बंड्याला काय हवं ते तोच दाखवील.

खरी मेहनत खाऊची आहे. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठात स्टेफनी रीमर म्हणून संशोधक होत्या. त्यांनी १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, फटाक्यांवर कशाचा उपयोग झाला? (२०२० साली ते प्रसिद्ध झालं.) धडाम झाल्याबरोबर खाऊ देणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी गुण आल्याचं सांगितलं. डॉक्टरांच्या औषधांचाही आकडा जवळपास तेवढाच. अंगाला घट्ट बसणारी जॅकेटं त्यापेक्षा बरीच खाली, आणि फुलांचे अर्क, होमिओपॅथी, सुगंधी तेलं वगैरे तिशीच्या आसपास, म्हणजे नुसत्या आशेनेही वाटेल इतपत. मालकांनी सांगितलेली गोष्ट आहे, प्रयोगशाळेत मोजलेली नाही, पण भुरीच्या बाबतीत मला अगदी तसंच दिसलं. तू ऑनलाइन मागवायला निघालेल्या त्या थेंबांचे पैसे वाचव आणि चिकन आण.

चिकन नुसतं उकडलेलं, मीठ-मसाला-कांदा काही नाही. किंवा पनीर. रोजच्या जेवणात न मिळणारं असंच काहीतरी हवं, पोळीचा तुकडा इथे चालत नाही. क्रम मात्र सांभाळ: आधी आवाज, लगेच खाऊ. उलटं केलंस तर दोन दिवसांत त्याला कळेल की चिकन दिसलं म्हणजे आता काहीतरी वाजणार, आणि चिकनच नकोसं होईल. ढोलाचं रेकॉर्डिंग फोनवर लावू नकोस. फोनमधून ढोल येतच नाही, नुसता ताशा येतो. टीव्हीला जोडलेला मोठा स्पीकर घे आणि आवाज इतका बारीक ठेव की त्याचा फक्त कान हलेल. त्याने खाणं थांबवलं तर आवाज जास्त झाला, लगेच खाली ये. रोज पाच मिनिटं पुरे. कंटाळवाणं काम आहे, आधीच सांगते.

याहून मला आवडलेला मार्ग म्हणजे पथकांचा सराव. इकडे जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात संध्याकाळी ढोल घुमायला लागतात. लोक वैतागतात, मी मात्र भुरीला घेऊन जाते, पण इतकी लांब उभी राहते की ढोल ऐकू येतो आणि तिला चिकनही गोड लागतं. पुढच्या वेळी चार पावलं जवळ. तिने शेपूट पायांत घातली की मागे फिरायचं, ‘आता आलोच आहोत तर’ असं म्हणायचं नाही. तू तर नाशिक ढोलाच्याच गावात राहतेस, सराव कुठे चालतो ते शोधायला वेळ लागणार नाही.

एवढं करूनही ऐन गणपतीत घरात एक आसरा लागेलच. ढोलाचा आणि डीजेचा जाड आवाज खिडक्या लावून अडत नाही, तो भिंतीतून येतो. म्हणून रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली निवड. तुमच्याकडे ती मधली देवघराशेजारची. जाड गोधड्या, पडदा, पंखा फुल, टीव्ही चालू, दार किलकिलं. ही खोली आत्तापासून आवडीची कर, त्याचं हाड-बिड तिथेच दे. मिरवणुकीच्या दिवशी एकदम तिथे कोंडलंस तर खोलीचीच भीती बसेल.

औषधाबद्दल तुझा चेहरा मला इथून दिसतोय. ‘गोळ्या कशाला गं एवढ्याशासाठी?’ रात्रभर बाथरूममध्ये थरथरत, लाळ गाळत बसणं हे एवढंसं नाही. त्या वरातीच्या रात्रीनंतर तो दुसऱ्या दिवशीही जेवला नव्हता, तूच सांगितलंस. काही औषधं त्या दिवसापुरती असतात, ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी. काही रोज द्यायची असतात, आणि फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशी धावण्यात अर्थ नाही, याच आठवड्यात जा. त्या दिवसापुरती गोळी मिळाली तर आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघायची, हेही डॉक्टरांना विचारूनच. नुसतं एसप्रोमॅझिन लिहून दिलं तर मात्र प्रश्न विचार. त्याने कुत्रं पेंगतं, हलत नाही, पण आतली भीती तशीच राहते. आणि घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा, हा प्रकार करू नकोस. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विष आहे.

पट्ट्याला तुझा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला आजच लाव. सणात कुत्री हरवतात ती अशीच, धडाम होतं, दार उघडं असतं, आणि मग कुठपर्यंत पळतील सांगता येत नाही. फिरवून आणायचं ते आरतीच्या कितीतरी आधी, आणि पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. तुमच्या मंडळाचा अध्यक्ष सुधीरच्या ओळखीचा आहे ना? त्याला भांडायला नको, फक्त फटाके कधी लावणार ते आधी कळवायला सांग. रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायला बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच घातली आहे, पण ते वाक्य दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेव.

यंदा लगेच सगळं सुटेल असं समजू नकोस. भुरी अजूनही सुतळी बॉम्बला उठून आत जाते. पण जाते, थोडी धापते आणि पंधरा-वीस मिनिटांनी जेवायला बाहेर येते. पूर्वी सकाळपर्यंत येत नसे.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळव आणि चिठ्ठीचा फोटो पाठव, अक्षर लागलं तर वाचते. गौरी जेवायला तुम्ही गावी जाणार असाल तर बंड्याला माझ्याकडे आणायचा विचार सोड. आमच्या पेठेपेक्षा तुमचं गाव बरं, त्याला बरोबरच घेऊन जा. अण्णांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
वैजू