बिनवाद्यांची मैफल आणि निवाऱ्याची झोळी

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
डिसेंबर

प्रिय भाऊ,

आमच्या गटाने बेघरांच्या निवाऱ्यासाठी वाद्यांशिवाय मैफल केली, त्यावर फोनवर तू खवचटपणे विचारलंस, "वाद्यं आणायला पैसे नव्हते का रे?" तू पडलास पखवाजवाला, तुझ्या पोटात दुखणारच. पण उत्तर बरंचसं 'नव्हते' असंच आहे. वाद्यं नाहीत म्हणजे साउंडवाला नाही, टेम्पो नाही, तालमीला मोठी जागा नको. चर्चने हॉल फुकट दिला. दारात जे जमलं ते जवळजवळ जसंच्या तसं निवाऱ्याच्या हातात पडलं. बेघरांच्या मदतीसाठी इथे अ कपेला, म्हणजे वाद्यांशिवाय नुसत्या गळ्याने गाणारे, गटच एवढे का उभे राहतात, त्याचं निम्मं कारण माझ्या मते हे. उरलेलं निम्मं म्हणजे हे गट पैशाला पासरी आहेत. येल विद्यापीठाचा व्हिफनपूफ्स १९०९ पासून गातोय, इथल्या हार्वर्डचा क्रोकोडिलोज १९४६चा, जवळच्या टफ्ट्सचा बील्झबब्स १९६२चा. आपली देशी पोरंही मागे नाहीत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये पेन मसाला निघाला, तो हिंदी गाणी गातो. आमचा गट यातला कुठलाच नाही. आम्ही नोकरी सांभाळून गाणारे, केस पांढरे झालेले लोक. पण बोलावलं की कॉलेजची पोरं येतात, दोन-तीन गाणी म्हणतात आणि येताना मित्रमैत्रिणींचा घोळका आणतात. खुर्च्या त्यांच्यामुळेच भरतात, आमच्यामुळे नाही.

गाण्याचं सांगतो. सुरुवातीला पहिला सूर देणारी एक छोटी पिच-पाईप फुंकतात, मग तुम्ही आणि तुमचं नशीब. तंबोरा नाही, पेटी नाही, त्यामुळे सगळे मिळून सुरात हळूहळू खाली उतरतात आणि कुणालाच कळत नाही. आमचं एक गाणं काळी दोनमध्ये सुरू झालं आणि पांढरी दोनवर, म्हणजे अर्धा स्वर खाली, संपलं. मजा म्हणजे टाळ्या दणकून पडल्या! मी बेसमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात, गाणंभर तळाशी 'डूम डूम'. लांबलचक स्वर धरायचा असला की शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही, असं ठरलेलं असतं. ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. तोंडाने ड्रम वाजवणारा पोरगा तर तुला आवडला असता. पढंत करावी, म्हणजे पखवाजाचे बोल तोंडाने म्हणावेत, तसे बोल ओठांवर आणि टाळूवर काढतो. त्याच्या भरवशावर मी सगळ्यांना एक विठ्ठलाचा गजर शिकवला. 'ठ्ठ'वर सगळे अडखळले, पण लय चढत गेली तशी पब्लिकने टाळ्यांचा ठेका धरला, आणि एक आजीबाई चक्क उभ्या राहून डोलायला लागल्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं, ते. या राज्यात १९८३ पासून कायदा आहे की बेघर कुटुंबाला सरकारने निवारा द्यायचा. अमेरिकेत असं राज्य हे एकच. पण कुटुंबाला, एकट्या माणसाला तो लागू नाही. आणि २०२३ मध्ये गर्दी इतकी झाली की राज्याने साडेसात हजार कुटुंबांची मर्यादा घातली. एकट्यादुकट्यांसाठी मग चर्चची तळघरं. हार्वर्ड स्क्वेअरजवळ एका ल्यूथरन चर्चच्या तळघरात विद्यार्थीच हिवाळ्यातला निवारा चालवतात, तोही १९८३चाच. २०१५ मध्ये अठरा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी आणखी एक उघडला, तोही विद्यार्थ्यांचाच. देशभराचं विचारशील तर जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसं बेघर सापडली. मोजणी सुरू झाल्यापासूनचा तोपर्यंतचा सर्वांत मोठा आकडा.

आम्ही जमवलेली रक्कम यापुढे चिल्लर आहे. इथे भाड्याचं घर घ्यायचं तर पहिल्या महिन्याचं भाडं, शेवटच्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट आणि दलाली, असे चार महिन्यांचे पैसे एकदम मोजायची वर्षानुवर्षांची रीत होती; ऑगस्ट २०२५ पासून दलाली, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची. आमच्या मैफलीतून एक-दोन घरांचीही सोय झाली नसती. मी तसं निवाऱ्याच्या बाईंना बोलून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मोठी अनुदानं येतात ती कागदावर लिहिलेल्या कामासाठीच खर्चावी लागतात. एखाद्याचा जन्मदाखला काढायची फी, ओळखपत्र, कामाच्या मुलाखतीला जायला बसचं तिकीट, कपडे धुवायच्या मशीनला लागणारी नाणी, याला कुठल्याच अनुदानात रकाना नसतो. आणि ओळखपत्र नसेल तर घराचा अर्जच पुढे सरकत नाही. तेव्हा मला आपली चिल्लर चांगलीच वजनदार वाटली. तिकिटाबरोबर मोज्यांची नवी जोडी आणा असंही सांगितलं होतं. त्यामागचं कारण ऐक: डॉक्टर जिम ओ'कॉनेल १९८५ मध्ये बॉस्टनच्या बेघरांच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा पाइन स्ट्रीट इन निवाऱ्यातल्या नर्सबाईंनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावून आधी लोकांचे पाय धुवायला बसवलं होतं. दिवसभर ओल्या बुटांत चालणाऱ्याचे पायच आधी जातात.

एका गोष्टीवरून तालमीत भांडण झालं. मध्यंतरात निवाऱ्यातल्या कुणी तरी स्टेजवर येऊन आपली कहाणी सांगावी, म्हणजे झोळी जड होईल, असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं. मी साफ विरोधात. दुःख दाखवून पैसे मागणं मला पटत नाही, मग ते कितीही चांगल्या कामाला असोत. निवाऱ्याच्या लोकांनीही नकोच म्हटलं. त्याऐवजी वीस खुर्च्या त्यांच्याकडे राहणाऱ्यांसाठी बिनतिकीट राखून ठेवा म्हणाले. त्या कुठल्या हे कुणाला कळू दिलं नाही. एक गृहस्थ मागाहून मला गाठून म्हणाले, तुमच्या टेनरमध्ये, म्हणजे वरच्या आवाजात गाणाऱ्या पुरुषांत, एकजण सारखा पुढे धावतोय. बरोबर होतं त्यांचं. ते तिकीट काढून आले होते की राखीव खुर्चीवर, मला माहीत नाही.

झोळी फिरताना मला सारखे गाडगेबाबा आठवत होते. आपल्याला शाळेत त्यांचा खराटाच तेवढा शिकवला. पण पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथल्या धर्मशाळा कीर्तनांच्या जोरावरच उभ्या राहिल्या ना? दिवसा झाडू, रात्री कीर्तन, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून परक्या माणसाला डोक्यावर छप्पर. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधली ती ज्यांना दुसरीकडे दारात उभं करत नसत त्यांच्यासाठी. गटातल्या मंडळींना हे सांगितलं तर त्यांना फार अप्रूप वाटलं. एकीने विचारलं, त्यांच्याबरोबर कोण गायचं? म्हटलं, समोर बसलेली सगळी.

पुढची मैफल मेमध्ये आहे. तेव्हा कळपाला झेपेल अशी, तीन आवाजांत बांधता येईल अशी एखादी गौळण सुचव. 'ळ' कमी असलेली बघ, बाबा. आणि एक काम कर: नाशिकला महापालिकेचा रात्रनिवारा आहे तिथे एकदा चक्कर मारून नेमकं काय कमी पडतं ते विचारून ये. मोजे नकोत, हे मलाही कळतं. मच्छरदाण्या असतील, लॉकर असतील, पंखे असतील. तुमच्या भजनी मंडळाने काही करायचं ठरवलंच तर पखवाज खुशाल ने, त्याचं भाडं लागत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. दिवाळीचे फोटो अजून पाठवले नाहीस.

तुझाच,
मी