अडकित्ता काढून घेतला म्हणून रागावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत विमानतळावरच्या तपासणीबद्दल एक पत्र वाचलं. पट्टा काढा, बूट काढा, पाण्याची बाटली टाका, हा सगळा देखावा आहे आणि ज्याला विमान पळवायचं तो पळवणारच, असा त्याचा सूर होता. त्रास खरा आहे, मीही रांगेत उभा राहिलो आहे. पण शेवटचं म्हणणं मला पटलं नाही. मी एकवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली आणि निवृत्तीनंतर सात वर्षं एका मोठ्या विमानतळाच्या मालवाहू फाटकावर कंत्राटी पहारेकरी होतो. त्या अनुभवावर लिहितो आहे.

आधी घरातलीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागं माझे थोरले बंधू लेकीकडून गावी परत येत होते. मोठी बॅग काउंटरवर दिली होती, हातात फक्त कापडी पिशवी. पिशवीत पानाची चंची आणि चंचीत पितळी मुठीचा अडकित्ता. वडिलांनी तो नंदगडच्या बाजारात घेतला होता, मुठीवरचा मोर झिजून नुसती मान राहिलेली. पिशवी यंत्रातून गेली, मागं घेतली, पुन्हा गेली. ड्युटीवरच्या मुलीनं चंची उघडायला लावली, अडकित्ता उघडला, मिटला, पात्याच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाली, "आजोबा, हे आत नेता येणार नाही." परत काउंटरला जायला वेळ नव्हता. कात्र्या, लायटर, पेचकस पडलेल्या पेटीत अडकित्ता गेला. घरी आल्यावर दादा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सत्तरी उलटलेला माणूस मी. मी इमान पळवणार होतो व्हय रे?"

मला वाईट वाटलं. तो अडकित्ता मीही लहानपणापासून बघत आलो होतो. तरी मी दादांना सांगितलं की त्या मुलीनं बरोबर केलं.

11 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेत 19 जणांनी चार विमानं पळवली. त्यांच्याकडं बंदुका नव्हत्या, खोकी कापायच्या सुऱ्या आणि असलीच लहान पाती होती. चार इंचांपेक्षा लहान पात्याला तेव्हा तिथं बंदी नव्हती. दादांचा अडकित्ता त्या नियमात सहज बसला असता. आणि चेहऱ्यावर जायचं म्हटलं तर 1993 च्या एप्रिलमध्ये दिल्लीहून श्रीनगरकडं निघालेलं विमान ज्यानं पळवलं, त्याच्या पायाला प्लॅस्टर होतं. पाय मोडलेल्या माणसाची कुणालाही दयाच येणार. त्या प्लॅस्टरात पिस्तुलं होती. म्हणून पहारेकऱ्यानं माणूस बघून सूट द्यायची नसते. सगळ्यांना एकच माप लावलं तरच तपासणीला अर्थ आहे.

तपासणीनं फरक पडतो का, याचं उत्तर आपल्याच देशात आहे. 1993 च्या पहिल्या चार महिन्यांत इंडियन एअरलाइन्सची चार विमानं पळवली गेली. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला येणारं आयसी 814 हे विमान अफगाणिस्तानातल्या कंदाहारला नेलं, रूपिन कात्याल हा नुकतं लग्न झालेला तरुण मारला गेला आणि प्रवाशांच्या बदल्यात तीन अतिरेकी सोडावे लागले. त्यानंतर 2000 पासून विमानतळ टप्प्याटप्प्यानं केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडं, म्हणजे सीआयएसएफकडं जाऊ लागले, शिडीपाशी पुन्हा झडती सुरू झाली, वैमानिकाच्या खोलीला मजबूत दारं बसली. आयसी 814 नंतर आपल्याकडचं एकही प्रवासी विमान पळवून नेणं कुणाला जमलेलं नाही. हे आपोआप झालं, असं मी तरी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू. 1971 च्या जानेवारीत 'गंगा' नावाचं विमान दोन पोरांनी लाहोरला नेलं ते खेळण्यातल्या पिस्तुलाच्या आणि लाकडी हातबॉम्बच्या जोरावर. 1978 ला लखनौहून दिल्लीला निघालेलं विमान वाराणसीला वळवलं, तिथंही हत्यारं खोटीच होती. 2016 ला इजिप्तच्या विमानात एकानं कमरेला खोटा बॉम्बपट्टा बांधून विमान सायप्रसला नेलं. आणि 2017 ला मुंबई-दिल्ली विमानाच्या संडासात नुसती एक चिठ्ठी सापडली, तरी विमान अहमदाबादला उतरवावं लागलं. म्हणजे हत्यार पकडलं तरी भीती पकडता येत नाही.

पण माझ्या मते तपासणीचं खरं मोल इथंच आहे. सगळ्यांच्या पिशव्या नीट बघितल्या आहेत अशी वैमानिकाची आणि हवाई सेविकांची खात्री असेल, तर "माझ्याकडं बॉम्ब आहे" या बोलण्याचं वजन निम्म्यानं कमी होतं. खात्री नसेल तर लाकडी बॉम्बही खराच ठरतो. दादांचा अडकित्ता पेटीत पडला तो त्या खात्रीसाठी.

दाराचंही तसंच. 2001 नंतर कॉकपिटची दारं बाहेरून फोडता येणार नाहीत अशी केली, ते गरजेचंच होतं. पण 2015 च्या मार्चमध्ये जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकानं मुख्य वैमानिक बाहेर गेल्यावर तेच दार आतून लावून घेतलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आपटलं. 150 जण गेले. त्याच्या आदल्या वर्षी इथिओपियाच्या एका सहवैमानिकानं असंच दार लावून विमान जिनिव्हाला नेलं होतं. दार चांगलंच होतं. आतला माणूस कसा आहे, हे दाराला कळत नाही.

माणसाबद्दल मात्र मला जास्त लिहायचं आहे, कारण ते मी स्वतः भोगलं आहे. बारा तासांची पाळी असायची. रात्री दोन ते चार हा वेळ सगळ्यात वाईट. डोळे उघडे असतात, गाडी समोर दिसते, नंबर वाचला जातो आणि पुढच्या क्षणी तो नंबर काय होता ते आठवत नाही. फौजेत संत्रीला दोन तासांनी बदलतात ते लाड म्हणून नव्हे. यंत्राच्या पडद्यापुढं बसणाऱ्याचं तर याहून अवघड. पिशव्यांची नारिंगी, हिरवी, निळी चित्रं एकामागून एक सरकत असतात आणि हजारात एखाद्या चित्रात काहीतरी असतं. युरोपात सलग वीस मिनिटांवर कुणाला पडद्याकडं बघायला लावत नाहीत, तसा नियमच आहे. माणूस जागा राहावा म्हणून मधूनच खोट्या हत्याराचं चित्रही पडद्यावर सोडतात. यंत्र कितीही नवं आणा, त्यामागं दोन पाळ्या सलग केलेला माणूस बसवला तर तो पैसा पाण्यात गेला.

आणि फाटकाची गोष्ट. 1986 च्या सप्टेंबरात कराचीला पॅन ॲम या अमेरिकन कंपनीच्या विमानात चार हत्यारबंद शिरले, ते प्रवाशांच्या रांगेतून आले नव्हते. अंगावर सुरक्षारक्षकांचे कपडे घालून, सायरन लावलेल्या गाडीतून ते थेट विमानापाशी पोचले. विमानातल्या हवाई सेविकेनं, आपल्या नीरजा भनोटनं, वैमानिकांना वेळेत सावध केलं, ते वरच्या झडपेतून निसटले, म्हणून ते विमान जागचं हललं नाही. ती मात्र प्रवाशांना बाहेर काढताना गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

फाटकावर लागल्यावर आमच्या जुन्या सुभेदारांनी मला ही हकिकत सांगितली होती आणि म्हणाले होते, "सायरन वाजला की सॅल्यूट मारायचा नाही. आधी थांबवायचं." मी ते पाळलं. एका रात्री एका साहेबांची गाडी थांबवून मी ओळखपत्र मागितलं. गाडी ओळखीची होती, चालकही ओळखीचा, पण पास संपून चार दिवस झाले होते. मी फाटक उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावून "माणसं ओळखायला शीक" असं सुनावलं गेलं आणि महिनाभर उन्हातल्या मागच्या बाजूला टाकलं. त्यानंतर माझ्या जागी आलेला पोरगा कुठलीच गाडी थांबवेना. त्याला मी दोष देत नाही. घरी दोन लेकरं आणि नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर, तो कशाला कुणाला थांबवील?

आयसी 814 चे पाच अपहरणकर्ते दिल्लीत नव्हे, काठमांडूत चढले होते. दिल्लीचा पहारा कितीही कडक असता तरी उपयोग नव्हता. बांध फुटतो तो जिथं कच्चा असतो तिथंच. आपल्या सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मोठ्या शहरांकडं विमानं जातात. 1942 ची धावपट्टी, शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र, 2017 ला झालेली नवी इमारत, या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहे. पण विमानतळ लहान म्हणून माणसं कमी आणि नियम सैल, असं इथं कधी होता कामा नये. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा सांबऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. फाटकावरच्या पोराची परीक्षा त्याच दिवसांत असते.

पहारा चुकलाच तर पुढचा घटकाभर फार मोलाचा असतो. 1993 ला ते प्लॅस्टरवाल्याचं विमान अमृतसरला उतरलं, राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो आत घुसले, पळवणारा मारला गेला आणि सगळे प्रवासी सुखरूप सुटले. 1999 ला आयसी 814 त्याच अमृतसरला पाऊण तासाच्या वर उभं होतं. काय करायचं ते वरच्यांचं ठरेना आणि विमान लाहोरकडं उडालं. विमानतळ तोच, मधे सहा वर्षं गेलेली. तयारीची ही रंगीत तालीम लहान विमानतळांवरही व्हायला हवी आणि विमान अडवायचा हुकूम कोण देणार, हे आधीच कागदावर ठरलेलं असायला हवं.

एक मागणी खास आपल्या भागासाठी. सांबऱ्याहून खानापूर, निपाणी, चंदगडकडची कितीतरी म्हातारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. ट्रेमध्ये काय ठेवायचं, खिसे कधी रिकामे करायचे, हे न कळल्यानं ती गोंधळतात, घाम येतो, इकडंतिकडं बघतात. पहारेकऱ्याला नेमका असाच माणूस हेरायला शिकवलेलं असतं. गोंधळलेला आणि घाबरलेला यांतला फरक त्याला कळायचा असेल तर कन्नड, हिंदीबरोबर मराठीत सांगणारं एक माणूस रांगेच्या तोंडाशी असावं. हा भाषेचा वाद मी काढत नाही, निव्वळ पहाऱ्याच्या दृष्टीनं सांगतो. दादांना "अडकित्ता मोठ्या बॅगेत टाका" असं कुणी त्यांच्या बोलीत आधी सांगितलं असतं तर तो आज घरी असता.

संबंधित खात्यानं पाळ्या आठ तासांच्या कराव्यात, फाटकावरची माणसं कायम नोकरीत घ्यावीत आणि गाडी थांबवली म्हणून कुणाला शिक्षा होणार नाही असा लेखी हुकूम येत्या अधिवेशनाच्या आधी काढावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
खानापूर तालुका, जि. बेळगाव