बंद दाराआडचे दीड तास

चि. अनय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले तर तू "जाऊ दे गं आई" म्हणशील आणि विषय तिथेच मिटेल. म्हणून लिहायला बसले.

मागच्या महिन्यात तू आला होतास, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसलास. मला वाटलं, ऑफिसचं काम. तो तुझ्यासारख्या दत्तक गेलेल्या मोठ्या माणसांचा ऑनलाइन थेरपी गट होता, हे नंतर उमगलं. पाण्याची बाटली द्यायला आले आणि दारावर टकटक करणार तोच तुझा आवाज ऐकू आला. "हे मी आईसमोर बोलूच शकत नाही. तिला वाटेल, तिचंच काही चुकलं." मग एक अनोळखी आवाज बोलू लागला. तुझे हेडफोन बहुधा बंद पडले होते. मी तिथून निघायला हवं होतं. निघाले नाही. मिनिटभर, कदाचित दोन मिनिटं, बाटली हातात धरून उभी राहिले.

तो माणूस काय म्हणाला ते मी या पत्रात लिहिणार नाही. तुझ्या बाबांनाही सांगितलेलं नाही. अशा गटात थेरपिस्ट व्यवसायाच्या नियमांनी बांधलेला असतो, पण बाकीच्यांना बांधून ठेवतो तो फक्त एकमेकांना दिलेला शब्द, हे मला नंतर वाचून कळलं. ऑनलाइन गटाला तर खोलीसुद्धा नसते. भिंती ज्याच्या त्याने आणायच्या. दार बंद, कानात हेडफोन, रेकॉर्डिंग नाही, घरातलं कोणी आसपास नाही. त्या दिवशी एक भिंत पडली ती माझ्यामुळे. चूक माझी आहे. थेरपिस्टना तू हे सांगावंस असं मला वाटतं. गटाला कसं सांगायचं ते ते बघतील.

खोटं कशाला बोलू, मला लागलं. आम्ही काय कमी केलं, हाच पहिला विचार मनात आला. आणि मग लक्षात आलं की मला नेमकं हेच वाटेल असं तू आत सांगत होतास! चौतीस वर्षं मी तुला ओळखते असं समजत होते. तू मला जास्त ओळखतोस.

त्यानंतर मिळेल ते वाचत सुटले. दत्तक विषयात काम करणाऱ्या डेबोरा सिल्व्हरस्टीन आणि शॅरन कॅप्लन यांनी १९८२ साली दत्तक घेण्या-देण्यातल्या सात गोष्टी मांडल्या: गमावणं, नाकारलं जाण्याची भीती, अपराधीपणा आणि लाज, शोक, ओळख, जवळीक, आणि आपल्या आयुष्याचा लगाम आपल्या हातात नसणं. त्यांचं म्हणणं असं की या गोष्टी मुलाला, जन्म देणाऱ्यांना आणि दत्तक घेणाऱ्यांना, तिघांनाही चिकटतात. ती यादी मी तुझ्यासाठी वाचायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला स्वतःपाशी अडकले. तू येण्याआधीची आमची ती वर्षं कधी तुला सांगितली नाहीत ना? सांगेन कधीतरी. त्याचं ओझं तुझ्यावर नको.

बाकी बरंच वाचलेलं पटलंही नाही. काही जण माणसाची प्रत्येक सवय दत्तक असण्याला नेऊन जोडतात. तू घरभर पसारा घालतोस तो तू सरळ बाबांकडून उचललास, त्यात कसलीही जखम नाही.

पण एक प्रसंग डोक्यातून जात नाही. तुझी लेक आठ दिवसांची होती. मी तिला मांडीवर घेऊन म्हणाले, "नाक अगदी बापाचं." तू उठून बाहेर गेलास. मला वाटलं, फोन आला असेल. आपलं मूळ ठाऊक नसल्याने मनाचा जो गोंधळ उडतो, त्याबद्दल सँट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ सालीच लिहून ठेवलंय. ते वाचताना मला तू बाहेर गेल्यावर उघडं राहिलेलं ते दार दिसलं. तुझ्यासारखं नाक तू आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतास, आणि मी ते किती सहज बोलून गेले.

डॉक्टरांनी घराण्यातले आजार विचारले तेव्हा तू "आमची पाटी कोरी" म्हणालास आणि आम्ही सगळे हसलो. लोक तुला "नशीबवान पोरगं" म्हणायचे तेव्हाही मी गप्प बसायचे. गप्प कसली, मला आवडायचं. त्या एका शब्दात मी थोर ठरत होते. पण ज्याला सतत नशीबवान म्हटलं जातं त्याने रडायचं कुठे?

माझ्यासमोर नाहीच. ते मला आता कळतंय. तू रडलास की मी समजूत घालणार, मग मीच रडणार, आणि शेवटी तू मला पाणी आणून देणार. त्या गटात तुला कोणाला सांभाळावं लागत नाही. अर्विन यालोम या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी गटात माणूस कशाने बरा होतो याचे घटक सांगितलेत. त्यातला एक म्हणजे "हे माझ्या एकट्याचं नाही" हे उमगणं. ते मी कितीही माया केली तरी तुला देऊ शकत नाही. मी दत्तक गेलेली नाही.

आईची खोड म्हणून एवढं विचारते: गट चालवणारी व्यक्ती रीतसर शिकलेली आहे ना? दत्तक प्रश्नाची जाण आहे ना? तू ज्या ठिकाणाहून जोडला जातोस तिथला पत्ता आणि अडीअडचणीला कोणाला फोन करायचा ते त्यांच्याकडे आहे ना? तो नंबर माझाच हवा असं नाही. आणि गटात पेलणार नाही असं काही वर आलं, तर एकट्याने थेरपिस्टना भेटायचीही सोय ठेव.

ऑनलाइनची एक गोष्ट मला खटकते. प्रत्यक्ष गटातून उठलं की परतीचा रस्ता असतो, चालता चालता माणूस सावरतो. तुझा स्क्रीन बंद झाला आणि दुसऱ्या मिनिटाला तू जेवणाच्या टेबलावर होतास. मी विचारलं, "काय म्हणतंय ऑफिस?" तू म्हणालास, "ठीक."

संस्थेकडून मिळालेले कागद आम्ही तुला अठराव्या वर्षी दाखवले होते, तेव्हा तू वरवर चाळून परत दिलेस. ते तुझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवलेत. कधी उघडायचे, कोणासोबत, की उघडायचेच नाहीत, ते तुझं तू बघ. मला विचारायला नको.

पुढच्या वेळी आलास की गुरुवारी मी छोटीला घेऊन फिरायला जाईन. तुझे दीड तास आणि वर अर्धा तास. हेडफोन चार्ज करून ठेव.

तुझी,
आई