जर्नलमधली रीडिंगं आणि भाजलेलं बोट

मित्रा,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला, उशिराबद्दल सॉरी, पण दोन ओळीत उरकण्यासारखं नव्हतं म्हणून राहिलं. तू आता शिकवायला लागलायस आणि पोरं प्रॅक्टिकल नुसती उरकतात म्हणून वैतागलायस. अरे आपण तरी काय वेगळं करायचो, आधी ग्राफ काढायचा आणि त्यावरून रीडिंगं उलटी भरत यायची, सगळे पॉइंट कसे सरळ रेषेत, सर खूश!

मला इंजिनिअरिंगच्या त्या चार वर्षांतलं पक्कं काय आठवत असेल तर तो ७८०५, जास्तीचा व्होल्टेज खाऊन बरोबर ५ व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर. पेपरात त्याचं गणित मी बरोबर सोडवलेलं, १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, मधले ७ गुणिले अर्धा अँपियर म्हणजे साडेतीन वॉट उष्णता, पैकीच्या पैकी मार्क. आणि प्रोजेक्टात तोच लावला, तोही हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी न लावता. बोर्ड थोडा वेळ चालायचा, मग गप्प, मग आपोआप परत चालू. दोन दिवस आपण कोडमध्ये बग शोधत बसलेलो, तू तर अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतलेलास. शेवटी वायर सरळ करताना माझं बोट त्याला लागलं, टम्म फोड आला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली की हेच ते साडेतीन वॉट. जास्त तापला की तो स्वतःला वाचवायला आउटपुट बंद करतो, निवला की परत सुरू. पुस्तकात होतं रे हे, वाचलंही होतं.

पण नुसते हात चालवले की शिकणं झालं असंही नाही हं. माझ्या पहिल्या इंटर्नशिपमध्ये मी दोन महिने एक्सेलमध्ये आकडे भरले, सर्टिफिकेट मिळालं, डोक्यात शून्य. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं ना, आधी अनुभव, मग थांबून त्यावर विचार, त्यातून काहीतरी नियम बांधायचा आणि तो परत करून बघायचा, त्यातली आपली पहिली पायरी झाली की लगेच सबमिशन, विषय संपला. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने २७ इंजिनिअरिंगची पोरं घेऊन एक आठवडा वर्ग, एक आठवडा कारखाना असं सुरू केलं होतं. मला त्यातला कारखाना नाही, परत वर्गात येणं आवडतं, म्हणजे हात काळे करून आलेला पोरगा सरांना काय काय विचारत असेल बघ.

तू एवढंच कर, स्विच ऑन करायच्या आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घे, पेनाने. चुकला तर मार्क कापू नकोस, का चुकला ते लिहिलं तर दे. जर्नलं गिचमिड दिसतील, वरचे लोक कुरकुर करतील, करू देत. आणि एक बोर्ड मुद्दाम हीटसिंकशिवाय ठेव, कुणाला काही सांगू नकोस, फक्त शेजारी गार पाणी असू दे.

आपला तो जुना बोर्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, परवा लावून बघितला, चालतोय. तुझ्या पोरांना दाखवायला हवा असेल तर घेऊन येतो.

तुझाच,
फोडवाला